पाइपवरचा चौथा दात

कवळीवाले बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. कोणी विनोद सांगून हसलं, तर त्यांचं लक्ष विनोदात नसे, सुळ्यात असे. उसनी घेतलेली पेन्सिल परत देताना ते तिचं चावलेलं टोक निरखत आणि विचारत, "झोपेत दात खाता का हो?" भिंग गळ्यात आणि चष्मा कपाळावर असताना ते या दोन्ही वस्तू घरभर शोधत. जिना चढताना अकराव्या पायरीवर थांबत. दम लागायचा म्हणून नव्हे. तिथून स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येत, आणि त्या आवाजावरून वर जावं की गुपचूप खाली उतरावं ते ठरे. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता ते रोज वाचत. फोटोतला माणूस हसरा असला तर जवळ धरून बघत आणि कधी कधी हळूच म्हणत, "ही माझी."

आणि दर बुधवारी सकाळी दहा वाजता ते वरच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडत.

खाली त्यांची कामाची खोली होती. सात-आठ दंतवैद्य त्यांच्याकडे रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवत आणि ते कवळ्या, कॅप, ब्रिज करून देत. भिंतभर फळ्या होत्या. फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकावर नंबर. नवीन माणूस आत आला की दारातच थबके. अडीचशे माणसं एकाच वेळी आ वासून आपल्याकडे बघताहेत, असं वाटे.

वरच्या कपाटातलं सामान मात्र वेगळं होतं. ते होतं गांजा ओढायचं. सगळं जुनं.

मातीच्या चिलमी होत्या, एक काळ्या दगडाची होती. निळ्या काचेची एक नळी होती, तिच्या पोटात पाणी भरायचं. दोन कप्प्यांच्या पितळी डब्या होत्या. कागद गुंडाळायचं मुठीत मावणारं यंत्र होतं. जळतं थोटूक धरायचे चिमटे होते, त्यातला एक कुणीतरी केसांच्या आकड्यापासून केलेला. चिलमीभोवती ओलं फडकं गुंडाळतात, त्याला छापी म्हणतात. अशा तीन छाप्या धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवल्या होत्या. एकूण वस्तू एकशे बारा. गांजा मात्र कणभरही नाही. आणि हे सगळं जमवणाऱ्या माणसानं चाळीस वर्षांत एक झुरका घेतलेला नाही, हे कळल्यावर ऐकणारा आधी कपाटाकडे, मग कवळीवाल्यांकडे आणि मग पुन्हा कपाटाकडे बघत राही.

त्याआधी मात्र घेतले होते. चिक्कार घेतले होते.

तेव्हा ते तिघं होते. एक दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, एक रेडिओ दुरुस्त करणारा आणि हे. पेंटरच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. शनिवारी दुपारी तिघं तिथे जमत. रेडिओवाला कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला रेडिओ "चालतो का बघू" म्हणून घेऊन येई. पेंटरनं जुन्या बाजारातून एक लहानसा लाकडी पाइप आणला होता. त्याचं तोंडात धरायचं टोक शिंगाचं होतं. तिघांत तो एकच पाइप फिरे.

त्या नशेतलं कवळीवाल्यांना पुढे काहीच आठवेना. आठवे ती पाइप एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातानाची शांतता. त्या वेळी कुणी बोलत नसे. पुढे आयुष्यात पुष्कळ माणसं भेटली, पण बोलणं थांबवून वस्तू हातात देणारी भेटली नाहीत.

पेंटर गेला. रेडिओवाला मुलाकडे लांबच्या देशात गेला आणि आता त्याला ऐकू येत नाही. पाइप राहिला. शिंग मऊ असतं, त्यावर दातांच्या खुणा राहतात. त्या टोकावर तिघं होते. पेंटरच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती मधोमध दिसे. रेडिओवाला उजव्या दाढेत धरायचा, तिकडे एक खोलगट खड्डा होता. डावीकडच्या दोन उथळ रेघा स्वतः कवळीवाल्यांच्या. चिलीम मुठीत धरतात, दातांत नाही, त्यामुळे चिलमीवर माणूस उरत नाही. म्हणून एकशे बारा वस्तूंत हा पाइप त्यांना सगळ्यात प्यारा होता.

लग्नाआधी ते बाईंना भेटले तेव्हा बाई बावीस वर्षांच्या होत्या आणि शाळेत गणित शिकवायला लागल्या होत्या. पुढे छत्तीस वर्षं त्यांनी तेच शिकवलं. गावात त्यांना सगळे बाईच म्हणत. घरात नवराही म्हणे, पण पाठीमागे. त्या पहिल्या भेटीत बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला अर्धा नवरा नको. पूर्ण असाल तर सांगा."

"पूर्ण आहे," हे म्हणाले. त्या दिवसापासून सुटलं ते सुटलंच.

सहा वर्षांनी त्यांनी भीत भीत विचारलं, तो जुना पाइप घरात, वरच्या कपाटात ठेवला तर चालेल का? नुसता. आठवण म्हणून. बाईंनी वहीतून मान वर केली नाही. "रिकामा आणि धुतलेला असेल तर चालेल. ज्या दिवशी या घरात एकही वापरलेला सापडेल, त्या दिवशी कपाट भंगारात आणि मी बहिणीकडे." हे त्यांनी एकदाच सांगितलं. बाई कुठलाही नियम दोनदा सांगत नसत.

म्हणून कवळीवाले प्रत्येक वस्तू उंबऱ्याबाहेर ठेवत आणि आधी धूत. कवळी धुवायच्या गोळ्या, दाढेमागे पोचणारे बारीक ब्रश, वाफेचं यंत्र, सगळं हाताशीच होतं. जुन्या वस्तू जमवणारे इतर लोक हळहळत. एकजण तर म्हणाला होता, "काका, आतला काळा थर म्हणजे त्या वस्तूचं वय असतं. तुम्ही वय धुऊन टाकता."

"असू दे," कवळीवाले म्हणाले होते. "माझं वय झालंय, तेवढं घराला पुरे."

तर, एका बुधवारी बाई वाचनालयात गेल्या होत्या. कवळीवाल्यांनी दहा वाजता कपाट उघडलं, पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि पाइप हातात घेतला.

पाइपात राख होती.

त्यांनी तो नाकाशी नेला. जळका, कडवट वास. ते पलंगावर बसले, उठले, दाराला कडी घातली आणि पुन्हा बसले.

पहिला विचार आला तो दुसऱ्या कुणाचा नव्हता. मीच तर नाही? वय अडुसष्ट. परवा ते मीठ आणायला गेले आणि बल्ब घेऊन आले होते. माणूस बल्ब आणू शकतो, तर काहीही करू शकतो. पण गांजा आणणार कुठून? आणि कधी? तरी जीव राहीना. पाइप रुमालात गुंडाळून ते खाली आले. फळीवरून स्वतःचा जबडा काढला. भिंग डोळ्याला लावलं.

शिंगाच्या टोकावर तीन जुन्या खुणा होत्या, वर्षानुवर्षं पुसून पुसून कडा गुळगुळीत झालेल्या. आणि डावीकडे, त्यांच्या दोन रेघांच्या पलीकडे, एक चौथी होती. ताजी. कड धारदार.

त्यांनी आपला जबडा टोकाला लावून बघितला. जुळेना. तिरका लावला. नाही जुळला. "मी नाही," ते मोठ्यांदा म्हणाले. अडीचशे जबडे गप्प राहिले.

मग कोण? घरात दोघंच. पण रविवारपर्यंत तिसरा माणूस होता. बाईंचा धाकटा भाऊ आठ दिवस राहून गेला होता. कचेरीतून निवृत्त झालेला, शर्टाचं वरचं बटणही लावणारा माणूस. कवळीवाल्यांनी त्याला फोन लावला.

"काय भावोजी, आज सकाळी सकाळी आठवण?"

"सहज. तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

"दात?"

"दातांना काय धाड भरलीय? तुम्हीच केलेत."

"नाही, म्हणजे..." कवळीवाल्यांनी आवाज खाली आणला. "वरच्या खोलीत झोपायचास तू. कपाटातलं काही... घेतलं होतंस का? म्हणजे ओढून बिढून बघितलंस का? मी काही म्हणणार नाही. एका शब्दानं सांगणार नाही कुणाला."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "मला दमा आहे. शेजारच्यानं सिगरेट पेटवली तर मी खिडकी लावून घेतो. आणि तुम्ही मला गांजेकस ठरवताय?"

"अरे, ठरवत नाही, नुसतं विचारतोय."

"नाही, हे मी ताईच्या कानावर घालणारच. आल्या पाहुण्याला असं विचारतात?"

"अरे बाबा, तिला नको..."

फोन बंद झाला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई बाराला येणार. मेहुण्यानं तोंड उघडलं की संपलं. चाळीस वर्षं पाळलेला शब्द, आणि हातात राखेचा पाइप. कोण विश्वास ठेवणार? गणिताच्या बाईंना पुरावा लागतो, आणि इथे सगळे पुरावे उलट होते.

वाचायचा मार्ग एकच होता. पाइप धुवायचा. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, त्यात गोळी टाकली. पाणी फसफसलं. दहा मिनिटांत राख, वास, सगळं जाणार होतं. पाइप पाण्यावर नेला आणि हात थांबला.

हात थांबला तो सवयीनं. माप घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही धुतलं नव्हतं.

त्यांनी शिंगाच्या टोकाचं माप घेतलं, म्हणजे खुणेभोवती गुलाबी मळलेल्या मसाल्याचं कडं केलं आणि त्यात प्लास्टर ओतलं. प्लास्टर सुकेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग साचा सोडवून खिडकीशी नेला आणि भिंग लावलं.

शिंगात खड्डा होता तिथे प्लास्टरचा उंचवटा आला होता. दाताची धार. वरचा, डावीकडचा, पुढून दुसरा. सरळ नाही, जरासा वळलेला. आणि कोपऱ्याला चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला.

कवळीवाले साचा धरून उभे राहिले.

हा दात त्यांनी केला होता. नऊ वर्षांपूर्वी, पाच वेळा मोडून. तो जरासा वळलेला होता, कारण ज्याच्या जागी तो बसणार होता तो खराही वळलेला होता. त्यांनी पहिली कॅप सरळ केली होती, तेव्हा आरशात बघून मालकीण म्हणाली होती, "ही बाई कोण? मला माझा वाकडा दात परत द्या."

खुर्ची जवळ होती म्हणून बरं. ते बसले. छातीवरचं सगळं ओझं एकदम उतरलं आणि त्याच्या जागी काय ठेवावं ते त्यांना कळेना. मी नाही. मेहुणा नाही. बाई! ते एकटेच हसायला लागले. मग हसू थांबलं. बाई? आणि गांजा? तो त्यांना कुणी दिला?

बाई बाराला पाच कमी असताना आल्या. वर न जाता थेट कामाच्या खोलीत आल्या. पिशवी टेबलावर ठेवली. समोर पाइप, गुलाबी मसाला, प्लास्टरचा साचा आणि नवऱ्याच्या डोळ्याला लावलेलं भिंग. त्यांनी सगळं एका नजरेत वाचलं. त्यांना उत्तरपत्रिका वाचायची सवय होती.

"दात टोचतो का गं?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"जिभेला लागतो." बाई स्टुलावर बसल्या. "सापडले म्हणायचे आम्ही."

"कधी?"

"शनिवारी. तुम्ही दोघं आगगाडीचं तिकीट बदलायला गेला होतात."

"आणि माल? तो कुठून..."

"कसला माल?"

"अगं, गांजा!"

"गांजा?" बाईंचा आवाज फुटला. "मी कुठून आणणार गांजा? चहाची पूड घातली होती!"

कवळीवाल्यांनी पाइप उचलून पुन्हा हुंगला. बराच वेळ हुंगला. मग टेबलावर ठेवला.

"तुम्हाला वासावरून कळलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"इतकी वर्षं ओढत होतात की तुम्ही."

"विसरलो बहुतेक," ते म्हणाले. "वास विसरलो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं ज्या दारावर त्यांनी पहारा ठेवला होता, त्या दारापलीकडे आता कुणी राहत नव्हतं.

"पण का केलंस?"

"का म्हणजे?" बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "निवृत्त होऊन चार वर्षं झाली. दर बुधवारी तुम्ही त्या कपाटासमोर असे बसता, जसं काही आत तुमचं माहेर आहे. मला वाटलं, मी या माणसाला सोडायला तरी काय लावलं होतं? एकदा बघावं तरी. तेवढं तर मला कळायला हवं ना?"

"मग? काय कळलं?"

"खोकला. डोळ्यांतून पाणी. दात आवळले गेले आणि कट्‌कन तुकडा उडाला. तो गिळला मी. धुणार होते, तेवढ्यात जिन्यावर तुमची पावलं. तसाच ठेवला. तेव्हापासून चार दिवस घास उतरत नाहीये."

"म्हणजे तूही घाबरली होतीस?"

"नियम कोणी केला होता?" बाई म्हणाल्या. "कपाट भंगारात आणि मी बहिणीकडे. बहिणीला फोन करून ठेवला होता. म्हणाली, ये, पण माझ्याकडे पाहुणे आहेत, सतरंजीवर झोपावं लागेल."

कवळीवाले हसले. आधी नाकातून, मग पोटातून. बाई म्हणाल्या, "हसताय काय?" आणि त्याही हसल्या. हसताना तुटका दात दिसला, म्हणून त्यांनी हात तोंडावर नेला. मग काढून घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी उचलला. पलीकडून मेहुण्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. ताई, तुझा नवरा, माझ्यावर आळ, मी गांजा, दमा.

बाईंनी ते सगळं संपू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं चुकलं. मी ओढला होता."

पलीकडून प्रश्नावर प्रश्न आले.

"हो, मीच. नाही, बरी आहे. अरे, चहाचा. चहाचा! दूध कशाला घालीन त्यात?" त्यांनी फोन ठेवला. "म्हणतो, मी संध्याकाळच्या गाडीनं निघतो."

"येऊ दे," कवळीवाले म्हणाले. "त्याची माफी मागायचीच आहे."

मग त्यांनी पाइप पेल्यातल्या पाण्यात सोडला. तो चांगला धुतला, बाईंच्या समोर, नियमाप्रमाणे. राख गेली, वास गेला. भिंगातून बघून खात्री केली. चौथी खूण तशीच होती, धुऊन जाण्यातली नव्हती. पुसायचं फडकं सापडेना. ते त्यांच्याच खांद्यावर होतं. बाईंनी ते ओढून घेतलं, पाइप पुसला आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिला. त्यांनीही काही न बोलता घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या तोंडाचं माप घेतलं. बाई आ करून बसल्या आणि मसाला तोंडात असतानाच काहीतरी सांगायला लागल्या. "नंतर, नंतर," हे म्हणाले. जबडा छान उतरला. त्यावर त्यांनी नव्या कॅपसाठी मेण ठेवलं, दिवा पेटवला, सुरी गरम केली. दातातलं ते जरासं वळण पहिल्या झटक्यात जमलं.

मग एका दंतवैद्याची तातडीची कवळी आली. मग मेहुणा आला, चार दिवस राहिला आणि जाताना कपाट उघडून बघून गेला. मग सुरी बोथट झाली. बाई विचारतात, "अहो, माझ्या दाताचं काय झालं? जीभ सोलवटली माझी." हे म्हणतात, "सोमवारी." बाई विचारतात, "कुठल्या सोमवारी?" आणि हे भिंग शोधायला लागतात.

अडीच महिने झाले. खिडकीजवळच्या फळीवर बाईंचा प्लास्टरचा जबडा आहे. त्यावर मेणाचा दात आहे. उजवी बाजू कोरून झाली आहे, अगदी हुबेहूब. डावीकडे, तुकडा उडालेल्या कोपऱ्यापाशी, सुरी नेली की त्यांना पाइपवरची चौथी खूण आठवते, आणि मेण अजून तसंच आहे.